दोन बोटं

नवा कोच गुडघ्यावर बसून साखळी मोजत होता.

मर्ल ट्रॅस्क बाकांच्या मागे जिथं होता तिथंच थांबला. हातात तेलाची बाटली आणि फडकं. दर गुरुवारी धान्याच्या कोठारावरची शेवटची गाडी वजन होऊन गेली की मैदानावर यायचं आणि साखळीला तेलाचा हात फिरवायचा, हा त्याचा बावीस वर्षांचा नेम होता. आज त्याच्या आधीच कुणीतरी तिला हात लावला होता. नव्या कोचनं, गॅरिक स्टोलनं, एक काठी जमिनीत रोवून साखळी गवतावर सरळ ताणली होती आणि बाजूनं पोलादी टेप सोडली होती. तो टोकापर्यंत गेला, वाकून पाहिलं, परत आला आणि पुन्हा मोजलं. मग खिशातून बोटभर वही काढून त्यात काहीतरी लिहिलं.

नंतर त्यानं दोन्ही काठ्या जुळवल्या, साखळी त्यांच्याभोवती मर्ल गुंडाळायचा अगदी तशीच गुंडाळली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली. मर्लला हेच सगळ्यात जास्त खटकलं. उघडपणे काम करणारा माणूस वस्तू कशीही टाकून जातो. होती तशी ठेवायची काळजी जो करतो, त्याच्या मनात काहीतरी असतं.

त्या दिवशी त्यानं साखळीला तेल लावलंच नाही. शेडचं दार लोटलं, बाटली खिशात घातली आणि घरी निघून गेला.

प्रुइट कॉलेजच्या फुटबॉलमध्ये मर्लचं काम एवढंच होतं, आणि ते त्याला पुरेसं होतं. चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा, हा खेळाचा कायदा. ते दहा यार्ड म्हणजे ही साखळी, दोन काठ्यांच्या मधली. निकाल इंचावर आला की पंच हात करायचे. मर्ल साखळीला लावलेला चिमटा धरून मैदानात जायचा, चिमटा ठरलेल्या रेघेवर टेकवायचा, साखळी ताणली जायची आणि चार हजार माणसं श्वास रोखून बसायची. बाकी आठवडाभर तो कोठारावरच्या वजनकाट्यावर असे. ज्वारीच्या गाड्या यायच्या, तो आकडा सांगायचा आणि शेतकरी मान हलवून पुढं जायचे. ‘पुन्हा टाक काट्यावर’ असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

साखळीवाल्यांची जागा पाहुण्या संघाच्या बाजूला असते. त्यामुळं मर्लनं इतक्या वर्षांत परगावच्या कोचांच्या शिव्या जवळून ऐकल्या होत्या, पण आपला कोच मात्र कायम पलीकडच्या काठावरचा, टोपी घातलेला एक ठिपका. या ठिपक्याबद्दल तर त्याचं मत पहिल्या आठवड्यापासूनच वाईट होतं.

शुक्रवारी सकाळी लोर्नाच्या कॅफेत नेहमीच्या टेबलावर वेंडल क्रेब्स कागद पसरून बसला होता. वेंडल निवृत्त पोस्टमास्तर. सामन्यात कितवा प्रयत्न चाललाय ती पाटी तो धरायचा. कागद म्हणजे ताटाखाली घालतात तोच, उलटा करून मधे उभी रेघ मारलेला. डावीकडं लिहिलं होतं स्टोल, उजवीकडं रेनी.

डेल रेनी नऊ वर्षं इथं मदतनीस कोच होता. म्हातारे कोच निवृत्त झाले की खुर्ची त्याचीच, हे गावानं धरून ठेवलं होतं. पण डिसेंबरात कॉलेजच्या समितीनं कुठून तरी हा स्टोल आणून बसवला आणि त्याच महिन्यात तीस मैलांवरच्या टॅलमन कॉलेजनं रेनीला उचललं. आता हंगामाचे तीन आठवडे झाले होते. रेनीचे तीन विजय. स्टोलचा एक विजय, दोन पराभव. आणि उद्या टॅलमन इथं येणार होतं.

“परवा रेनीचा फोन आला होता,” हॉलिस म्हणाला. हॉलिसची आठशे एकर ज्वारी होती आणि एक वाईट गुडघा. “गुडघा कसाय विचारत होता. लेका, शत्रूचा कोच झाला तरी माझा गुडघा विसरला नाही.”

“लिहितो,” वेंडल म्हणाला. “रेनी, गुडघा. आणि आपले साहेब?”

“आपल्या साहेबांना मला गुडघा आहे हेच ठाऊक नाही.”

“कॉफी कागदी पेल्यात घेऊन जातो,” वेंडल लिहिता लिहिता म्हणाला. “इथं बसत नाही. बुधवारचा सराव बघायला जायचो आपण, ते फाटक बंद केलं. नऊ महिने झाले, घराला पडदे नाहीत.”

“पडदे कशाला लावेल? राहायचं असेल तर ना!”

टेबलाच्या वर भिंतीवर तो फोटो होता. सात वर्षांपूर्वीचा, विजेतेपदाच्या सामन्यातला, टॅलमनविरुद्ध, आपला चौथा प्रयत्न. काठीच्या पुढं गेलेलं चेंडूचं टोक, आणि गुडघ्यावर बसलेला मर्ल. चेंडू दोन बोटं पुढं गेला होता. तेव्हापासून प्रुइटमध्ये लोक रस्त्यात भेटले की दोन बोटं जुळवून आडवी धरायचे, तोच नमस्कार. लग्नाच्या फोटोतही धरायचे. कॉलेजनं दोनदा नवी साखळी देऊ केली होती, आणि दोन्ही वेळा गावानंच ओरडा केला. त्या साखळीनं विजेतेपद मोजलं होतं.

मर्लनं कप खाली ठेवला. “काल त्यानं माझी साखळी मोजली.”

वेंडलचं पेन थांबलं.

“टेप लावून. दोनदा. वहीत लिहून घेतलं.”

“तुझी साखळी?” हॉलिस म्हणाला. त्याचा आवाज मागच्या टेबलापर्यंत गेला. “तुझी? अरे, माझा बाप मेला तेव्हा भावाभावांत धान्य वाटलं ते तुझ्या काट्यावर. माझा भाऊ माझ्यावर विश्वास ठेवत नाही, पण तुझ्यावर ठेवतो!”

“उद्या हरला तर सबब तयार ठेवतोय,” वेंडल म्हणाला. “आधीच टिपून ठेवलं की झालं. साखळीच खोटी, माझा काय दोष!”

मर्ललाही नेमकं हेच वाटलं होतं. रात्री दोनदा जाग आली तेव्हाही हेच. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते खरंच झालं. त्याचे कान तापले.

लोर्ना कॉफीचं भांडं घेऊन आली होती. तिनं सगळ्यांचे कप भरले, मर्लचा शेवटी.

“मग, भरली किती?” तिनं विचारलं.

तिघांनी तिच्याकडं पाहिलं.

“मोजली ना त्यानं? किती भरली?”

“दहा यार्ड,” मर्ल म्हणाला. “किती भरणार?”

“तू मोजलीस?”

“लोर्ना,” वेंडल म्हणाला, “वजनाचं कुणी वजन करतं का?”

ती खांदे उडवून निघून गेली. दुपारपर्यंत ही बातमी पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडं आणि दोन्ही चर्चमध्ये पोचली होती. नव्या कोचनं मर्ल ट्रॅस्कला लबाड ठरवलं. संध्याकाळी काट्यावर आलेल्या चार गाडीवाल्यांनी मर्लचा हात हातात घेऊन दाबला, आणि मर्लला ते आवडलं हे तो नाकारू शकत नव्हता.

पण लोर्नाचा प्रश्न काही जाईना.

शनिवारी सामना दुपारी एकला. मर्ल नऊलाच मैदानावर आला. खिशात काट्यावरची त्याची स्वतःची टेप होती. त्यानं स्वतःला समजावलं की ही टेप फक्त त्या माणसाच्या तोंडावर मारण्यासाठी आहे. काठी रोवली, साखळी ताणली, टेप लावली, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन वाकला.

अडीच इंच कमी.

तो परत गेला, काठी उपटून नीट रोवली आणि पुन्हा मोजलं. अडीच इंच. मग तो हातानं चाचपत साखळीच्या कडेनं चालत आला आणि मधल्या लोखंडी आकड्यापाशी थांबला. तो आकडा कोठारावरचा होता. आठ वर्षांपूर्वी एक धिप्पाड पोरगा धावत येऊन साखळीवरच कोसळला होता, दोन कड्या वाकल्या होत्या. मर्लनं दोन मिनिटांत त्या दोन्ही काढून टाकल्या आणि खिशातला आकडा घालून साखळी जोडली होती. पुढच्या आठवड्यात नवी मागवू, असं म्हणालाही होता. पुढच्या आठवड्यात सुगी आली. पुढच्या वर्षी विजेतेपद आलं, आणि मग त्या साखळीला हात लावायची कुणाची छाती होती? सामन्याआधी पंच साखळीकडं एक नजर टाकायचे, मर्लकडं एक टाकायचे आणि पुढं जायचे.

दोन बोटं म्हणजे दीड इंच. साखळी खरी असती तर चेंडू पोचलाच नसता.

मर्ल गवतावर बसला.

थोड्या वेळानं साखळी गुंडाळून तो शेडमध्ये गेला तर दाराआडच्या खिळ्याला, मघाशी नजरेत न आलेली, नवी साखळी टांगलेली होती, कोरी, काठ्यांसकट. चिठ्ठी नाही, काही नाही. तो तिच्याकडं बघत होता तेवढ्यात दारात सावली आली. स्टोल. हातात कागदी पेला.

“तुम्ही टांगली?” मर्लनं विचारलं.

“हो. काल आली.”

“का मोजलीत?”

“मी सगळंच मोजतो. नवीन ठिकाणी गेलो की मैदान मोजतो. गोलचे खांब मोजतो.” स्टोल पेल्यात बघत बोलत होता. “सरावाच्या मैदानाची एक रेघ फूटभर चुकलीय. तीही पुसून काढायला सांगितलीय.”

“मग मला का नाही बोललात?”

“साखळी तुमची. एकदा मनात आलं की तुम्ही स्वतः मोजाल, असं वाटलं.”

“आणि कुणाला सांगितलंत?”

“मी कुणालाच नाही.” तो जरासा हसला, की हसला नाही, मर्लला कळलं नाही. “तुम्ही गावाला सांगितलंत असं कानावर आलं.”

मर्लची मान खाली गेली. पण संशय असा एका दमात मरत नाही. हा माणूस आपल्यावर उपकार करतोय की आपल्याला मुठीत घेतोय? जुनी नेली तर याच्या वहीत आकडा आहे. नवी नेली तर सगळ्या गावासमोर कबुली. कसंही केलं तरी दोर आपल्याच गळ्यात.

“आज कुठली नेऊ?”

“ते तुम्हीच ठरवा,” स्टोल म्हणाला आणि निघून गेला.

मर्ल बराच वेळ दोन्ही साखळ्यांच्या मधे उभा राहिला. शेवटी त्यानं खिळ्यावरची उतरवली, तिलाही टेप लावली, मगच घेऊन बाहेर पडला.

बाराच्या सुमारास टॅलमनची बस आली. डेल रेनी उतरला तोच हात पसरून. त्यानं मर्लला मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या, मर्लच्या मेलेल्या कुत्र्याचं नावसुद्धा त्याला आठवत होतं. बाकांवरच्या प्रुइटच्या लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग त्याची नजर साखळीवर गेली.

“हे काय रे? नवी?”

“जुनी कमी भरत होती,” मर्ल म्हणाला. हे शब्द तोंडातून काढायला त्याला सगळा जोर लावावा लागला. “अडीच इंच. दुरुस्ती मी केली होती. आजच मोजली.”

रेनी मोठ्यानं हसला, आणि मग वाकून, मर्लच्या खांद्यावर हात ठेवून, हळूच म्हणाला, “अरे वेड्या, मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“विजेतेपदाच्या संध्याकाळी सगळे नाचत होते तेव्हा मी मोजली. सहज, शंका आली म्हणून. म्हटलं, कशाला म्हाताऱ्याचं मन दुखवायचं? आणि आपल्याच उपयोगाला आली होती ना!” त्यानं खांदा दाबला. “तू माझा माणूस आहेस, मर्ल. मी कधी कुणाला बोललो का? बोलणारही नाही.”

त्याच्या मागे टॅलमनची पोरं पायमोजे ओढत होती, कुणी टोपाचे पट्टे आवळत होतं. सात वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून ते विजेतेपद गेलं, त्याच कॉलेजचा रंग आज रेनीच्या अंगावर होता. मर्लनं आपला खांदा सोडवून घेतला. चिमटा नीट करायचा आहे असं काहीतरी पुटपुटला.

पुढचे तीन तास रेनी त्याच्यापासून चार पावलांवर होता. पोरांची नावं घेऊन हाका मारायचा, चुकलेल्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, पंचांशी थट्टा करायचा. हे सगळं बावीस वर्षांत मर्लनं पाहिलेल्या कुठल्याही कोचपेक्षा गोड होतं. आज मात्र प्रत्येक हाताकडं बघताना त्याला वाटत होतं, या हातात कुणाकुणाचं काय काय जपून ठेवलेलं आहे?

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा टॅलमन वीस, प्रुइट सतरा. आपला चौथा प्रयत्न होता. पोरं ढिगारा करून कोसळली, पंचांनी एकेकाला बाजूला केलं आणि चेंडू जमिनीवर ठेवून मर्लकडं हात केला.

बाकांवर चार हजार हात वर गेले. दोन बोटं, आडवी.

मर्ल चिमटा धरून चालत गेला. काठ्या धरणारे दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना. त्यानं चिमटा रेघेच्या मागच्या कडेला टेकवला, पुन्हा पाहिला, आणि मान हलवली. साखळी ताणली गेली. चेंडूचं टोक आणि काठी यांच्यामध्ये गवत दिसत होतं, एका बोटाएवढं. जुनी साखळी असती तर चेंडू आरामात पुढं गेला असता.

पंचांनी हात उलट्या दिशेला केला, चेंडू टॅलमनचा. बाकांवरून जो आवाज आला तो मर्लनं या मैदानात कधी ऐकला नव्हता.

त्यानं पलीकडच्या काठाकडं पाहिलं. स्टोलनं टोपी आपटली नाही, पंचांकडं धावला नाही. त्यानं आपल्या थकलेल्या पोरांना आत बोलावलं आणि अडवणाऱ्या दुसऱ्या अकरांना मैदानात पाठवलं, एवढंच. चेंडू काही परत मिळाला नाही.

जाता जाता रेनीनं मर्लला कोपर मारलं. “जुनी आणली असतीस तर आज माझी पंचाईत होती बघ!” आणि डोळा मिचकावून तो टाळ्या घ्यायला गेला.

सोमवारी सकाळी मर्ल कॅफेत शिरला तेव्हा कुणी दोन बोटं केली नाहीत. वेंडलसमोर कागद होता.

“ये बाबा,” हॉलिस म्हणाला. “तुझ्यावर राग नाही आमचा. त्यानं तुला जबरदस्तीनं नवी साखळी घ्यायला लावली, सगळ्या गावाला माहितीय. स्वतःच्या हातानं स्वतःचा सामना घालवला हरामखोरानं. आता एक विजय, तीन पराभव.”

“लिहिलंय मी,” वेंडल म्हणाला. “स्टोल, साखळी बदलली.”

“खोड ते,” मर्ल म्हणाला. “साखळी मी बदलली.”

“म्हणजे?”

“त्यानं फक्त मोजली. तेवढंच लिही. आणि रेनीच्या रकान्यात लिही, माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

मर्लनं ज्वारीचं एक जुनं पोतं बगलेत धरून आणलं होतं. ते त्यानं टेबलावर उलटं केलं. काठ्या काढून टाकलेली जुनी साखळी खडखडत कपांमध्ये पडली. हॉलिसची कॉफी लवंडली. सगळं कॅफे वळून बघायला लागलं. मर्लनं मधला आकडा शोधून वर केला आणि वेंडलच्या नाकासमोर धरला.

“कोठारावरचा आहे. मी घातलेला. दोन कड्या कमी आहेत. त्या फोटोच्या आधीपासून.”

वेंडलनं फोटोकडं पाहिलं, मग मर्लकडं, आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. हॉलिस सांडलेली कॉफी कागदानं टिपू लागला, दोन्ही कोचांच्या नावांवरून.

“उगाच काहीतरी बोलू नकोस,” तो म्हणाला. “एवढीशी गोष्ट. घरी ने ती.”

मर्लनं खिशातून टेप काढली आणि तिचं टोक पुढं केलं. “कुणीतरी धरा.”

कुणी हात पुढं केला नाही. हॉलिस टिपतच राहिला. मागच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची सरकवली आणि उठून निघून गेलं.

लोर्नानं कॉफीचं भांडं काउंटरवर ठेवलं. एप्रनला हात पुसत ती आली, तिनं टेपचं टोक आणि साखळीची शेवटची कडी एकत्र मुठीत धरली आणि मागे मागे सरत दारापर्यंत गेली. वाटेतल्या लोकांनी पाय आत घेतले.

“इथं?” तिनं विचारलं.

“तिथंच. पण ताणून धर, लोर्ना,” मर्ल म्हणाला. “नाहीतर म्हणतील, सैल होती म्हणून कमी भरली.”